दारातला जास्तीचा जोड

शांतवन सरोदेंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, पाय मात्र पक्के राहत. सीताबर्डीवरच्या चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसून त्यांनी तीस वर्षं काढली होती. जोड पाहिला की नंबर, चाल, टाच कुठल्या अंगाने झिजते, सगळं सांगत. एका लग्नात तर चर्चच्या पाळकसाहेबांना त्यांनी चक्क "अहो, आठ नंबर!" अशी हाक मारली होती.

निवृत्त झाले आणि बायकोच्या, ताराच्या, हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशनची तारीख मिळाली त्या दिवशी त्यांनी आपलं पवित्र शास्त्र, बायबल, उचलून कपाटावर ठेवून दिलं. जन्मभर देवाकडे काही मागितलं नाही आणि त्याने हे असं करावं? राग आला होता त्यांना. रागाच्या खाली भीती होती, ती ते कबूल करत नव्हते.

दर मंगळवारी संध्याकाळी सदर भागातल्या त्यांच्या घरी घरप्रार्थना होई. चर्चमधल्या सिंधूताई, प्रीती आणि मेघा येत. त्या मंगळवारी शांतवन बाहेर ओसरीत खुर्ची टाकून बसले.

"आत या ना. काहून बाहेर बसून राहिले?" तारा म्हणाली.

"चपला कोण पाहीन? चोऱ्या होऊन राहिल्या."

गाणी सुरू झाली. शांतवन दुकानातल्या सवयीने चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवू लागले, म्हणजे निघताना सरळ पाय सरकवता येतात. पाहुण्या तीन होत्या आणि जोड चार.

चौथा पुरुषाचा. नऊ नंबर, हाताने शिवलेला, अंगठा दोऱ्याने सांधलेला, धुळीने भरलेला. टाचा दोन्हीकडून अगदी सारख्या झिजलेल्या. अशी टाच कोणाचीच झिजत नाही. शांतवन दोनदा आत डोकावून आले. आत पुरुष नव्हता. बायका चहा पिऊन निघाल्या, शांतवननी "जपून जा" म्हणायला मान वर केली, खाली केली, तर दारात तो जोड नव्हता.

संशय शेजारच्या भैय्याजींवर गेला. लग्नात आपल्या जुन्या चपला सोडून दुसऱ्याच्या नव्या घालून जाण्याबद्दल त्यांची ख्याती होती. भैय्याजींनी शांतपणे पाय पुढे केला. सहा नंबर.

"माह्यावर आळ घेऊन राहिला? ख्रिस्ती माणूस ना गा तू?"

"सध्या सुट्टीवर आहो," शांतवन म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते तयारीने बसले. जोड आला कधी ते दिसलं नाही, पण दिसताच त्यांनी तो सुतळीने खुर्चीच्या पायाला बांधला आणि तीन गाठी मारल्या. आत तारा वाचत होती. धाप लागत होती म्हणून थांबत थांबत. जिथे दोघं-तिघं प्रभूच्या नावाने जमतात तिथे तो त्यांच्यामध्ये असतो, ते वचन. शांतवननी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. आमेन झालं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

सुतळी होती. तिन्ही गाठी जशाच्या तशा होत्या.

सिंधूताई बाहेर आल्या. "सुतळी कायले बांधली, भाऊ?"

"कुत्रं होतं," शांतवन म्हणाले.

जेवताना तारा म्हणाली, "मले ऑपरेशनचं भेव नाही. तुम्ही बाहेर एकटे बसान, त्याचं भेव वाटते."

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. बाकड्यावर शांतवन आणि सोबतीला आलेले भैय्याजी. प्रार्थनेच्या बायका उड्डाणपुलाच्या कामापाशी अडकल्या होत्या. सिस्टरने सगळ्यांच्या चपला रॅकवर ठेवायला लावल्या होत्या. थिएटरच्या दारासमोरची फरशी पुसून लखलखीत होती. शांतवन त्या रिकाम्या फरशीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"डोळे मिट गा, भैय्याजी."

"मी काहून?"

"कमीत कमी दोघं लागतात."

"मले तुमची प्रार्थना येत नाही."

"मलेबी सध्या येऊन नाही राहिली. मिट."

भैय्याजींनी डोळे मिटले. शांतवन एवढंच म्हणाले, "प्रभू, ती आत एकटी आहे." भैय्याजींनी अंदाजाने "आमेन" म्हटलं, जरा जोरातच.

डोळे उघडले.

दारासमोर जोड होता.

"दार तर वाजलं नाही ना गा?" भैय्याजी कुजबुजले.

"नाही."

शांतवन गुडघ्यांवर बसले, दुकानात बसत तसे. चपलांवरून हात फिरवला. चामडं गरम होतं, आताच पाय काढल्यासारखं. घामाचे ठसे अजून ओले होते. टाच, चवडा, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. दोन्ही ठशांत, प्रत्येकाच्या मधोमध, बोराएवढी गोल जागा मात्र कोरडी होती. तिथे पायाला आरपार भोक असावं तशी. तीस वर्षांत असा पाय त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

चपलांची तोंडं थिएटरच्या दाराकडे होती. फिरवून ठेवायला त्यांनी सवयीने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

राहू दिल्या तशाच.