मनमोहनच्या टाकीतलं पाणी

मी लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात केमिस्ट आहे. भुताखेतांना माझ्याकडे थारा नाही.

ठाकूरद्वारच्या आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाने, मनमोहनने, काचेच्या टाकीत समुद्राचे चार पट्टेरी मासे पाळले होते. चौपाटीहून कळशीने खारं पाणी आणायचा, वेडा! "दादा, खरी राखण वाळूतले जंतू करतात," तो सांगायचा. "माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, विषच ते. जंतू ते खातात आणि त्याचं नायट्रेट करतात. जंतू मेले की मासे गेलेच."

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला हवी म्हणून तो मोर्चाला गेला. गोळीबार झाला. मी इस्पितळं पालथी घातली, शवागारं पाहिली. ना माणूस मिळाला, ना देह.

संचारबंदीत हाताला चाळा म्हणून त्याच्या बायकोने, उर्मिलाने, सगळं घर घासलं. टाकीतली वाळूही नळाखाली खळाखळा धुतली. गोड्या पाण्याने जंतू मेले. चार दिवसांत चारही मासे उलटे तरंगले.

"हे आले की यांना काय सांगू, भावोजी?" ती हमसून रडली.

मी वाळू उकळून घेतली, नवे जंतू यावेत म्हणून ताजं खारं पाणी भरलं. मासे सोडण्याजोगं कधी होतं ते पाहायला रोज बाटलीभर पाणी गिरणीत नेऊन तपासू लागलो.

तिसऱ्या दिवशी अमोनिया लागला. रिकाम्या टाकीत! पुढे नायट्रेटही आलं आणि रोज चढू लागलं. मी बाटल्या बदलल्या, रसायनं बदलली, टाकीवर फळी ठोकली. आकडा चढतच राहिला. चार माशांची काय बिशाद? एवढं नायट्रेट व्हायला माणसाएवढं काहीतरी हवं. पाणी मात्र नितळ होतं, आणि वासही नव्हता.

"म्हणजे आत जीव आहे?" उर्मिलाने विचारलं. महिन्याने तिचा चेहरा उजळला होता.

"असेल," मी म्हणालो. जिवंताची घाण काय नि मेलेल्याचं शरीर काय, जंतूंना दोन्ही सारखंच, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी दारातच विचारी, "वाढलं?"

"वाढलं."

ती समाधानाने कपाळाचं कुंकू नीट करी. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

चाळिसाव्या दिवशी अमोनिया शून्य आला.

नायट्रेट कालच्याइतकंच होतं.

मी तीनदा तपासलं. आत जंतूंना खायला काही उरलं नव्हतं.

घरी आलो. उर्मिला दारात नव्हती, टाकीसमोर बसली होती.

"वाढलं," मी आपणहून म्हणालो.

"नाही, भावोजी." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. हात मोकळे होते, बांगड्या शेजारी पाटावर काढून ठेवलेल्या. "आता मासे आणा. पाणी तयार झालंय. यांनी केलंय, वाया नाही घालवायचं."

मी मासे आणले. त्यातला एकही मेला नाही.