डावीकडचं दार

त्या मंगळवारी बाबांनी गाडी दोन चाकांवर चालवून दाखवली, आणि मागच्या सीटवर बसलेला गेमवाला मुलगा उतरल्या उतरल्या ओकायला भिंतीकडे पळाला.

"सिनेमातल्या स्टंटचा गेम बनवतोय, आणि याला गाडी लागते!" बाबा हसून हसून बेजार झाले. तीस वर्षं त्यांनी नटांचे कपडे घालून नटांच्या गाड्या उडवल्या होत्या. आता या मुलाने त्यांच्या स्टिअरिंगला, ब्रेकला वायरी जोडल्या होत्या. बाबा चालवतील तशीच गेममधली गाडी चालणार होती.

त्यांची ग्रंथपाल लेक डबा द्यायला आली होती. तिने डब्यातली लिंबाची फोड त्याच्यापुढे धरली.

"चोखा. बरं वाटेल."

"सगळ्यांना देता, की... फक्त पांढऱ्या पडलेल्यांना?"

"आधी बरे व्हा. मग बोला."

"लिंबू," बाबांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं उरकलं, "नशीबवान आहेस. ही पुस्तकसुद्धा चार सूचना केल्याशिवाय देत नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने लिंबूचा फोन आला. "गेममध्ये ते चालवतायत... बघायला याल?"

ती गेली. मग रोज दुपारी जाऊ लागली. पडदे ओढलेली खोली, गेममधला ओला रस्ता, दोन ट्रक, आणि मधल्या फटीतून एका कुशीवर निघून जाणारी गाडी. वळण घेण्याआधीचा तो एक श्वास बाबांचाच. काचेआड मात्र कुणी नव्हतं. चालकाचं चित्र अजून काढायचं होतं.

"जेवलीस?" लिंबू एव्हाना एकेरीवर आला होता.

"पुन्हा लाव."

"कधी इकडेही बघत जा. मी बरा दिसतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"आई."

ती खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. नजर त्याच्यावर जराशी रेंगाळली... आणि गेममधली गाडी हळू झाली.

तिला वाटलं, भास. पण दुसऱ्या दिवशी ती ट्रकांजवळ आणखी हळू झाली. तिसऱ्या दिवशी थांबलीच.

लिंबूने सगळं तपासलं. "त्यांनी चालवली तशीच नोंद आहे. त्यात थांबणं नाहीच."

गाडीचं डावीकडचं दार सावकाश उघडलं.

"दाराचं... मी काही केलेलंच नाही," तो पुटपुटला.

तिला मात्र ठाऊक होतं. शूटिंग संपलं की बाबा असंच दार उघडून धरायचे, ती शेजारी बसायची, आणि घर येईपर्यंत दोघं अवाक्षर बोलायचे नाहीत.

टेबलावर दुसरा कंट्रोलर होता. बटण दाबलं की दुसरा खेळाडू शेजारी जाऊन बसे. तिचा अंगठा आपसूक तिकडे गेला. बंद खोलीत ओल्या डांबराचा वास पसरला.

"नको." लिंबूने तिचं मनगट धरलं. त्याचा हात ऊबदार होता. "का, ते मला सांगता येणार नाही. पण आत्ता बसलीस तर... तू मला परत दिसणार नाहीस, असं वाटतंय."

गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. कुणी घाई करत नव्हतं. तिने कंट्रोलर खाली ठेवला.

"बाबा... तुमच्यावर माझा किती जीव आहे, हे मी कधी बोललेच नाही. फार आहे. पण आज मी नाही बसत. तुम्ही निघा... मी याच्याजवळ थांबते."