झेंडा कुणी उतरवायचा

जुलैतल्या शनिवारी भल्या सकाळी स्टीनहॅची गावच्या बोटींच्या धक्क्यावर चर्चची पोरं एका जागी बसवणं म्हणजे बेडूक टोपलीत भरणं. एकाला बसवावं तर दुसरा उठलेला. लोरेना एरवी शाळेची बस चालवायची, त्यामुळे आवाज चांगला कमावलेला होता.

"टकर, ते चिकन दुपारसाठी आहे! बर्फाच्या पेटीचं झाकण लाव!"

"मी फक्त बर्फ बघत होतो, मिस लोरेना."

"बर्फ डोळ्यांनी बघतात रे, हातानं नाही."

सगळी पोरं खिदळली. एक एमरी तेवढी आईच्या कमरेला चिकटून उभी होती. अकरा वर्षांची, काडीसारखी पोर. गेल्या हिवाळ्यात कुठं पोहायला शिकली, तेही तलावात. शेल्बीला ही एकच मुलगी, आणि तिचा सगळा जीव त्या मुलीत. आजवर तिनं एमरीला एकटीला कुठं पाठवलं नव्हतं. लोरेनानंच दोन महिने मागे लागून तिला तयार केलं होतं.

"मिस लोरेना," शेल्बी म्हणाली, "जशी नेताय तशी परत आणा हं तिला."

"अगं बाई, छातीएवढं पाणी आहे तिथं. उभी राहिली तरी डोकं वर राहील. मी शब्द देते तुला."

शब्द दिला आणि लोरेनानं एमरीचा हात आपल्या हातात घेतला.

बोट वेलंडची. रुंद, चपटी, वर कापडी छत. वेलंड चर्चमधला ज्येष्ठ माणूस, उभा जन्म खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर गेलेला, आणि बोटीवरच्या नियमांच्या बाबतीत महा खडूस. नदीच्या तोंडातून समुद्रात बाहेर पडून, किनाऱ्याची झाडं हिरव्या रेघेएवढी उरल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि लाल झेंडा वर चढवला. लाल कापड, त्यावर तिरका पांढरा पट्टा.

"हा डुबकीचा झेंडा. हा वर आहे म्हणजे पाण्यात माणूस आहे, बाकीच्या बोटींनी लांब राहायचं. आणि उतरवायचा कुणी? जो सगळ्यात शेवटी वर येईल त्यानं. स्वतःच्या हातानं. मी नाही, मिस लोरेना नाही. माझ्या बापाच्या बोटीवर हाच कायदा होता."

"पण का?" टकरनं विचारलं.

"म्हणजे खाली कुणी राहून जात नाही. आता दुसरं ऐका. आपण जे शिंपले गोळा करायला आलोय, त्या स्कॅलपला डोळे असतात. शिंपल्याच्या काठानं निळे निळे ठिपके दिसतील, ते डोळे. तुमची सावली पडली की तो फटकन मिटतो आणि पळतो. म्हणून मागून जायचं आणि उचलायचं."

पाणी काचेसारखं नितळ होतं. खाली गवताची कुरणं एका अंगाला झुकलेली. पोरं तोंडाला पाण्यातले चष्मे लावून, नळ्या दातांत धरून उपडी तरंगायला लागली. एमरीनं पहिली पंधरा मिनिटं लोरेनाचा हात सोडला नाही. मग तिला गवतात पहिला शिंपला दिसला, आणि हात सुटला तो सुटलाच. जेवायला हाका मारल्या तेव्हा शेवटची वर आली ती एमरी.

"चल, मग झेंडा तुझा," वेलंड म्हणाला.

तिनं दोरी सोडली, झेंडा खाली घेतला आणि दोरी खुंटीला बांधली. बुटाच्या लेसची गाठ, दोन कान काढलेली. वर सुटू नये म्हणून त्या कानांचीच आणखी एक गाठ.

वेलंड पोट धरून हसला. "अगं, हा झेंडा आहे की बूट?"

"मला एवढीच येते," एमरी लाजून म्हणाली.

चिकन झालं, उकडलेल्या शेंगा झाल्या. समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत शिंपले तोंडं किंचित उघडून बसले होते. पोरांना खेळच सापडला. बादलीवरून हात फिरवायचा की सगळे फटाफट मिटायचे. सगळ्यात जास्त हसत होती ती एमरी. डोळ्यांभोवती चष्म्याचा लाल वळ उठलेला, बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली. लोरेनानं मनात म्हटलं, शेल्बीनं आत्ता हिला बघायला हवं होतं.

दुपारी थोडं पुढं जाऊन दुसऱ्या जागी नांगर टाकला. झेंडा वर गेला, पोरं पाण्यात गेली. जमिनीकडे ढग उभे राहत होते. ते रोजचंच, पण आज ते फार भरभर काळे झाले. पहिला गडगडाट झाला तसा वेलंड पुढच्या टोकाला नांगर ओढायला धावला आणि ओरडला, "पोरं वर घ्या! पटापट!"

लोरेना शिडीपाशी उभी राहून एकेकाला वर ओढू लागली. ओल्या पाठी, टॉवेल, पायात पाय. कुणी रडतंय, कुणी शिंपल्याची जाळी विसरलंय. वारा सुटला, पाणी शाईसारखं झालं. वीज जवळच कुठं तरी पडली. झेंडा खाली आल्याशिवाय वेलंड इंजिनाला हात लावणार नाही हे तिला माहीत होतं. तिनं मागं बघितलं. पाण्यात कुणी दिसेना. तिनं झटक्यात दोरी सोडली आणि झेंडा खाली ओढला.

"मिस लोरेना," टकर म्हणाला, "एमरी कुठंय?"

लोरेनाचा हात दोरीवर तसाच राहिला. ती वळली, आणि शिडीच्या वरच्या दांडीवर एक छोटा हात आला. मग दुसरा. चष्मा लावलेलं तोंड वर आलं. एमरी शांतपणे वर चढली आणि बाकावर जाऊन बसली.

"देवा रे!" लोरेनानं तिला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. "कुठं होतीस गं? जीव घेशील माझा एक दिवस!"

"इथंच," एमरी म्हणाली.

बोट सुटली. झेंड्याचं लोरेनानं वेलंडला सांगायला हवं होतं, पण पोर तर वर आली होती. आता सांगून काय?

थोडं अंतर गेलं असेल. वेलंडनं एकदम इंजिन बंद केलं.

"झेंडा कुणी चढवला?"

सगळ्यांनी वर बघितलं. लाल कापड वाऱ्यात ताठ फडफडत होतं.

"टकर?"

"मी नाही! देवाशप्पथ नाही! मी तर इथं बसलोय!"

तो खरंच तिथंच बसला होता. सगळीच बसली होती. वेलंड पुटपुटत उठला, झेंडा उतरवला, दोरीला कोळ्याची पक्की गाठ मारली. पुन्हा निघाले. लोरेनानं दोरीवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. मग पावसाचा सपकारा आला, तिनं डोळे पुसले, आणि झेंडा वर होता.

कुणी हसलं नाही.

"मोजा पोरं," वेलंड म्हणाला.

तिनं मोजली. मग प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली. सगळी होती. प्रत्येकाच्या डोळ्यांभोवती चष्म्याचा लाल वळ होता. एमरीच्या चेहऱ्यावर नव्हता. सकाळपासून पाण्यात असलेल्या पोरीचा चेहरा नुकता धुतल्यासारखा साफ होता. लोरेनानं तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, एक सुरकुती नाही.

"मागं फिरवा, वेलंड."

"काय?"

"त्या जागी परत चला."

"डोकं फिरलंय का तुमचं? डोक्यावर वीज कडाडतेय. कुणासाठी मागं फिरू? सगळी आहेत की."

ती काय सांगणार होती? एमरीसाठी? एमरी तर समोर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, टॉवेल नीट पांघरून.

"चला ना घरी, मिस लोरेना," एमरी म्हणाली. "आई वाट बघत असेल."

मग ती वाकली आणि बादलीवरून हात फिरवू लागली. ढगांच्या फटीतून उजेड आला होता, आणि तिच्या हाताची सावली पाण्यावर पडलेली लोरेनाला स्वच्छ दिसत होती. सावली एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेली.

एकही शिंपला मिटला नाही.

हात पुन्हा फिरला. ते निळे ठिपके तसेच उघडे राहिले.

लोरेनानं आपला हात पुढं केला. फटाफट सगळे मिटले.

धक्क्यावर शेल्बी छत्री न घेताच भिजत उभी होती. बोट लागायच्या आत तिनं एमरीला उचलून घेतलं, तिच्या ओल्या केसांचे मुके घेतले. लोरेना पुढं झाली. "शेल्बी," ती म्हणाली, "थांब जरा."

"काय झालं?"

एमरी आईच्या खांद्यावरून बघत होती. तेच डोळे. तोच पुढचा किंचित तुटका दात. लोरेनाला एकही वाक्य असं सुचेना, जे बोलल्यावर शेल्बी तिला वेडी म्हणणार नाही.

"काही नाही. दमलीय ती."

शेल्बीचे डोळे भरून आले. "जशी नेलीत तशी परत आणलीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

गाडी निघून गेली. लोरेना मागच्या दिव्यांकडे बघत राहिली. आपण आत्ता काय केलं, हे तिला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

मागं वेलंड बोट पाण्याबाहेर काढत होता. झेंडा वर होता.

"मी उतरवला होता," लोरेना म्हणाली. "पहिल्यांदा. तुम्ही नांगर ओढत होतात तेव्हा."

"कोण होतं पाण्यात?"

वेलंडनं गाडी गेली त्या रस्त्याकडे बघितलं.

"मग आता तो माझ्याच्यानं उतरायचा नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, चर्च चुकवून, दोघं दुसऱ्यांच्या दोन बोटी घेऊन त्या जागी गेली. एक चष्मा हरवलाय, एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नितळ पाणी, गवत, शिंपले. दिवसभर शोधूनही काही सापडलं नाही.

आठवडाभर बोट वेलंडच्या अंगणात, ओकच्या झाडाखाली, बोट ओढायच्या चाकगाडीवर ठेवलेली होती. शेजारी हसायचे. "काय वेलंड, अंगणात कोण पोहतंय?" पाऊस पडला नाही. लोरेना रोज गाडीतून जाता-येता बघायची, आणि लाल कापड दिसलं की गाडीचा वेग वाढवायची.

पुढच्या रविवारी एमरी चर्चमध्ये आईशेजारी पहिल्या बाकावर होती. केस विंचरलेले, फिती बांधलेल्या. "माझी पोर किती धीट झालीय बघा," शेल्बी सगळ्यांना सांगत होती. "आता अंधाराला भीत नाही, कशाला म्हणून भीत नाही!" एमरीनं मान वळवून लोरेनाकडे बघितलं आणि गोड हसली.

प्रार्थना संपायच्या आत वेलंडनं मागून लोरेनाच्या खांद्याला हात लावला. "जरा चला माझ्याबरोबर."

त्याचं अंगण चर्चच्या मागच्याच गल्लीत होतं. शेल्बीचं घर त्याच्या पुढच्या वळणावर. ऊन रणरणत होतं, वाळू कोरडी ठक्क पडली होती.

झेंडा खाली होता.

"तुम्ही काढलात?"

वेलंडनं मान हलवली. "सकाळी चर्चला निघालो तेव्हा वरच होता."

लोरेना बोटीवर चढली. शिडीच्या दांड्या ओल्या होत्या. झेंड्याचं कापड ओलं होतं, त्याला गवताची एक काडी चिकटली होती, आणि दोरीतून टपटप पाणी गळत होतं. तिनं खुंटीकडे बघितलं.

दोरी नीट बांधलेली होती. बुटाच्या लेसची गाठ, दोन कान काढलेली, आणि सुटू नये म्हणून वर आणखी एक.