गमऱ्यांचा मोगरा

"हे सबनीस कोण रे, राजा?"

करवंदांचं खोकं जाईबाईंच्या हातात तसंच राहिलं. नुकतं उजाडलं होतं, नायगावच्या नव्या टॉवरमधल्या त्या घरात फणसाचा घमघमाट, कैऱ्यांच्या चिकाचा आंबूस वास आणि मोगऱ्याचा दरवळ एकमेकांत मिसळून गेले होते, आणि खोक्याच्या झाकणावर, चकचकीत हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं... 'सबनीसांचा मळा'! खाली चित्र होतं, नथ घालून तुळशीला पाणी घालणाऱ्या कुण्या गोऱ्यापान बाईचं. उतारवयात साक्षरतेच्या वर्गात पाटीवर गिरवून शिकलेली अक्षरं... आपण चुकीचं तर वाचत नाही ना, म्हणून जाईबाईंनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. अक्षरं बदलली नाहीत.

राजरत्नने मान वर केली नाही. तो फणस गोणपाटात गुंडाळत होता. "टेम्पो खाली आलाय आई, उशीर नको करूस."

"मी विचारते काय, तू बोलतोस काय! फणस माझे, करवंदं माझी, काल झुंजूमुंजू व्हायच्या आधी वाकून वाकून कळ्या मी खुडल्या... आणि मळा सबनीसांचा?"

"अगं, नाव फक्त खोक्यावर आहे. अवधूत सबनीस, माझ्या ऑफिसातला. परळला त्याच्या सोसायटीत उन्हाळी बाजार भरतोय, त्याच्या ओळखीनं जागा मिळाली. मीच त्याला बोललो, तुझं आडनाव टाकू. तो बिचारा नको नको म्हणत होता."

"तू बोललास? तू?"

स्वयंपाकघरातून वैशालीचा आवाज आला, "मी तेव्हाच ह्यांना सांगितलं होतं आई, हे टिकायचं नाही. सबनीसांच्या घरात फणस चिरायच्या आधी हाताला तेल लावतात, हे तरी कोणाला ठाऊक असेल का?"

"तू गप गं!" राजरत्न उसळला. मग आवाज खाली आणून, जणू भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यात दादरच्या एका सोसायटीत मी 'गमरे मळा' अशी पाटी लावूनच बसलो होतो. एक बाई आल्या. अहाहा, काय वास आहे, म्हणाल्या. ओंजळ भरून मोगरा घेतला. मग पाटीकडे बघितलं. गमरे म्हणजे तुम्ही कुठले? मी सांगितलं. त्या वाईट काही बोलल्या नाहीत, आई. हसल्यासुद्धा! म्हणाल्या, देवासाठी हवा होता हो, बघते नंतर... आणि ओंजळीतला मोगरा परत टोपलीत ठेवला. एकेक कळी, सांडू न देता! माझ्या हाताखाली माणसं काम करतात गं, आणि मी त्या टोपलीसमोर असा उभा होतो, जसं माझ्याच हाताला काही लागलंय."

जाईबाईंच्या अंतःकरणात काहीतरी चरचरलं. लेकाला जवळ घ्यावं, असा उमाळा दाटून आला... पण त्या खोक्यावरची हिरवी अक्षरं मध्ये आली.

"वैशाखी पौर्णिमेला ह्याच झाडांची फुलं विहारात बुद्धाच्या पायाशी जातात," त्या म्हणाल्या. "तिथं चालतात. आणि एका बाईनं ओंजळ रिकामी केली म्हणून तू बापाचं नाव पुसलंस?"

"बापाचं नाव, बापाचं नाव!" राजरत्नच्या आत किती वर्षं कोंडलेलं काहीतरी फुटलं. "आणि पोराचं काय? बाबा गेले तेव्हा केवढा होतो मी? मला शांताकाकूच्या पदरात टाकून तू त्या माळावर जाऊन राहिलीस! तापात मी आई आई करायचो, तेव्हा कपाळावर हात काकूचा असायचा. तुझ्या पोटची ती झाडं होती, मी नव्हतो! आणि आज त्या झाडांच्या नावासाठी माझ्याशी भांडतेस?"

त्याने शेवटचा फणस गोणपाटात करकचून बांधला.

"तू बाजारात येऊ नकोस," एवढंच म्हणून, खोकी उचलून, तो निघून गेला. ओल्या फडक्याखाली झाकलेली गजऱ्यांची टोपली तेवढी मागेच राहिली.

जाईबाई रडल्या नाहीत. त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. खाली जिथे आता मोटारी उभ्या होत्या, तिथेच कुठेतरी त्यांची जुनी चाळ होती, आणि त्या चाळीच्या गॅलरीच्या कठड्याला धरून एक पोर "आये, जाऊ नको ना!" म्हणून टाहो फोडत होतं... इतक्या वर्षांनीही तो टाहो त्यांच्या कानांतून गेला नव्हता.

वैशाली शेजारी येऊन बसली. "आई, खरं सांगा. का राहिलात तुम्ही तिथे?"

"तुला कशाला ते?"

"मलाच सांगा. मी सून आहे, मला ऐकून घ्यायला बालपण आडवं येत नाही."

जाईबाई किंचित हसल्या. आणि मग, कधी कुणापुढे न उघडलेलं गाठोडं त्यांनी त्या पोरीपुढे सोडलं. गिरणी बंद पडली, हाती आलेल्या पैशांतून नवऱ्याने, बुधाजींनी, कर्जतच्या अंगाला एक माळ घेतला, नुसता मुरूम आणि धोंडे, कुणालाच नको असलेला. एका धोंड्याला चुना फासून त्यावर डांबराने स्वतःचं नाव लिहिलं. लिहिताना तो माणूस हसत होता! म्हणाला, आमच्या आज्यापणज्यांनी दुसऱ्यांची शेतं राखली, आता ह्या धोंड्याचा तरी मी मालक. पहिला पाऊसकाळ सरायच्या आत तो गेला. दिवसकार्य उरकून जाईबाई माळावर परतल्या, तर लावलेली रोपं उपटून टाकलेली, धोंडा उलथलेला, आणि नावावर शेण फासलेलं! गावातल्या वरच्या आळीतलं कोण ते, नाव कुणी सांगेना. तुमच्या लोकांना मळा कशाला हवा, असं मात्र येताजाता ऐकू येई.

"धोंडा मी सरळ केला. शेण धुतलं, दिसतील त्या रेषांवरून पुन्हा डांबर लावलं. मी मुंबईला आले की पुन्हा फासलेलं. मग कळलं मला, मी तिथं नसले की नाव नसतं! म्हणून राहिले गं. खोपटात राहिले. दगड फोडले. फोडताना ओवी म्हणायचे, दुसरं होतं कोण बोलायला?"

आणि त्या अगदी हळू, सूर शोधत गुणगुणल्या,

"दगड फोडताना, हाताला आला फोड,
माझ्या ग राजसाला, धाडीते पाणी गोड..."

"दोन घरं मला जगवता येत नव्हती. पोराला शाळा इथं होती, नाव तिथं होतं. पोराला सांभाळायला शांता होती... नावाला माझ्याशिवाय कोण होतं?"

वैशालीचे डोळे भरून वाहत होते. "आणि हे तुम्ही त्यांना एकदाही सांगितलं नाहीत?"

"कोवळ्या पोराच्या मनात कशाला ते विष पेरू?"

वैशालीने पदराने डोळे पुसले, ताडकन उठली, आणि ती टोपली उचलली. "चला. टॅक्सी करू. गजरे सुकायला लागलेत."

"तो येऊ नको बोललाय."

"तुम्हाला बोललेत. मला कुठे बोललेत? आणि मला काही एवढी टोपली एकटीनं उचलवत नाही!"

परळच्या त्या सोसायटीच्या मांडवात गर्दी फुलली होती. ताडगोळे, जांभळं, रायवळ आंबे... आणि एका कोपऱ्यात लांबरुंद हिरवा फलक, 'सबनीसांचा मळा'. त्याखाली राजरत्न उभा होता, शेजारी अवधूत, कानकोंडा होऊन घाम पुसत. आईला पाहताच राजरत्नचा चेहरा उतरला. पण जाईबाईंनी टोपली टेबलावर ठेवली आणि फडकं बाजूला केलं. मोगऱ्याचा असा लोट उठला की पलीकडच्या लोणच्यांच्या टेबलावरच्या बायकासुद्धा वळून बघू लागल्या.

अवधूतच्याच मजल्यावर राहणाऱ्या मृणालिनीबाई शेजारणीला घेऊन पुढे आल्या. दोघींनी एकेक गजरा उचलला.

"काय रे अवधूत," मृणालिनीबाई फलकाकडे बघत खट्याळपणे म्हणाल्या, "तुमचा मळा कधी झाला? तुझ्या बाबांना गॅलरीतली कोरफड जगवता आली नाही!"

भोवतीच्या बायका खळखळून हसल्या. राजरत्नने मान खाली घातली... आणि लेकाची ती खाली गेलेली मान बघून जाईबाईंच्या पाठीचा कणा ताठ झाला.

"मळा माझा आहे," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी जाईबाई बुधाजी गमरे. नायगावच्या बीडीडी चाळीतली. जयभीमवाली. ह्यातली एकेक कळी मी माझ्या हातानं खुडलेय."

हसणं थांबलं. शेजारणीच्या हातातला गजरा, कुणाला दिसू नये अशा बेताने, हलकेच टेबलावर उतरला.

"अहो, एवढंच ना?" मृणालिनीबाई गडबडीने म्हणाल्या. "मग हे सोंग कशाला? आजकाल कोण बघतं असलं काही?"

"कोण बघतं ते तुमच्या शेजारणीला विचारा, बाई. त्यांनी आत्ताच गजरा खाली ठेवला."

मृणालिनीबाईंनी वळून पाहिलं. शेजारीण लालबुंद झाली. "छे, छे, तसं नाही हो! मला आठवलं, घरी फुलं आहेत..." म्हणत तिने पुन्हा हात पुढे केला.

"राहू दे!" जाईबाईंनी तो गजरा उचलला. "खाली ठेवलेलं फूल मी पुन्हा विकत नाय."

आणि बुधाजी गेल्यापासून ज्या अंबाड्याला एक पाकळी शिवली नव्हती, त्या पांढऱ्या अंबाड्याभोवती, भर बाजारात, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी तो गजरा गुंडाळला! मान जराही वाकली नव्हती. शेजारीण गर्दीत दिसेनाशी झाली.

राजरत्न पुढे आला. "आई, म्हणून तर बोललो होतो, येऊ नकोस. तुला हे बघावं लागू नये म्हणून..."

"ह्यांनी आयुष्यभर दुसरं काय बघितलं?" वैशालीला आता राहवेना. "तुम्हाला ठाऊक तरी आहे का, आई तुम्हाला सोडून का गेल्या ते? त्या माळावर बाबांच्या नावावर लोक शेण फासत होते! रोपं उपटत होते! नाव राहावं म्हणून ही बाई एकटी तिथे दगड फोडत राहिली... आणि तेच नाव तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलंत!"

राजरत्न आईकडे वळला. मग अगदी लहान मुलाच्या आवाजात त्याने विचारलं, "खरंय, आये?"

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून 'आये' निघालं होतं. जाईबाईंच्या डोळ्यांतलं इतका वेळ अडवून धरलेलं पाणी बांध फोडून वाहू लागलं.

"मला का नाही सांगितलंस? मी तुला काय काय बोललो... मनातल्या मनात किती शिव्या घातल्या..."

"सांगितलं असतं तर तू शाळेत बसला असतास, का त्यांच्या दारात धोंडा घेऊन उभा राहिला असतास? एकानं तिथं राहायचं, एकानं इथं शिकायचं, असं माझं मीच ठरवलं. तुला नाय विचारलं. तुझं बालपण त्यात गेलं, राजा... त्याची भरपाई माझ्याजवळ नाय. पण त्यांना मी ते नाव पुसू दिलं नाय, आणि तुलाही पुसू देणार नाय!"

राजरत्नने आईचे दोन्ही हात धरले. दगडांनी खरबरीत झालेले, कैरीच्या चिकाने काळवंडलेले ते हात त्याने आपल्या डोळ्यांवर दाबले, आणि तो मोठा, साहेबी माणूस, त्या मांडवात हमसून हमसून रडला. "चुकलो मी, आये..."

"हं. चुकलास," जाईबाई म्हणाल्या, आणि त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या.

मागे काहीतरी टर्रकन फाटल्याचा आवाज आला. अवधूत स्टुलावर चढून फलक उतरवत होता. "सुटलो रे बाबा एकदाचा!" तो म्हणाला. "सकाळपासून लोक मला विचारतायत, फणस कापा आहे की बरका... मला काय डोंबल ठाऊक!"

फलकाची पाठ कोरी, पांढरी होती. वैशालीने कुठूनसा जाड काळा मार्कर आणला. राजरत्नने डोळे पुसले, फलक टेबलावर पसरला आणि ठसठशीत, खालचा काठ गाठेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं... 'बुधाजी गमरे यांचा मळा'. मृणालिनीबाई गेल्या नव्हत्या. हातातला गजरा तसाच धरून त्या मुकाट्याने रांगेत उभ्या होत्या.

"बघ, आये. झालं?"

जाईबाईंनी फलक नीट वाचला. कमरेवर हात ठेवला.

"तुझ्या बापाला त्या माळावर एक पाऊसकाळसुद्धा पुरा लाभला नाय. दगड कोणी फोडले? मोगरा कोणी लावला?"

राजरत्नने फलकाकडे पुन्हा पाहिलं. मग डोळ्यांत पाणी असतानाच त्याला हसू फुटलं. "अगं, पण आता खाली जागाच उरली नाही!"

"मग वर लिही!" जाईबाई म्हणाल्या.