उजवी वहिवाट

उजवी वहिवाट सुरू होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा मिरजेत डाव्या वळणाची माणसं दोनच प्रकारची उरली होती. एक अंथरुणाला खिळलेली आणि दुसरी आंधळी. बाकीचं गाव बदललं होतं. बस रस्त्याच्या उजव्या कडेनं धावत, रस्ता ओलांडताना लोक आधी डावीकडे बघत आणि क्रीडासंकुलाच्या मैदानावर पोरं घड्याळाच्या काट्यांसारखी गोल पळत. समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना चुकवायला एकाच बाजूला सरकतात आणि कसनुसं हसतात, तो घोटाळा मात्र तसाच राहिला होता. तो कुठल्याच सरकारला सुटलेला नाही.

रस्त्याची बाजू तलवारींनी, बग्ग्यांनी आणि ज्यांच्या हातात राज्य होतं त्यांनी ठरवली, असं इतिहासवाले सांगतात. पळण्याची बाजू मात्र पळणाऱ्यांच्या कुरकुरीनं ठरली. सुरुवातीच्या ऑलिंपिकमध्ये शर्यती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे झाल्या होत्या. धावपटूंना ते मानवेना, तेव्हा पुढे डावा हात आतल्या बाजूला असा नियम आला. देवळात प्रदक्षिणा घालताना उजवा हात देवाकडे, मैदानावर डावा हात आत. माणसाला देवाभोवती एकीकडून आणि पैजेत दुसरीकडून फिरवून कुणी काय मिळवलं कोण जाणे, पण शंभरावर वर्षं तसं निभावलं.

यामागे वळणकल आहे, असं मेंदूवाल्यांनी मांडलं. आपण नाकासमोर चालतो असं प्रत्येकाला वाटतं, पण डोळे बांधून माळावर सोडलं की माणूस हळूहळू एका बाजूला वळू लागतो. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमध्ये डोपामीन नावाचं रसायन सारखं वाटलेलं नसतं. ज्या बाजूला ते कमी, त्या बाजूला पावलांचा ओढा. हा ओढा म्हणजे वळणकल. बहुतेकांचा तो डावीकडे असतो, असं त्यांच्या मोजण्यांत निघालं.

एरवी ही माहिती परीक्षेपुरतीच राहिली असती. पण सात देशांनी मिळून एक मालरस्ता बांधला, त्यावर विनाचालक मालगाड्या सोडल्या आणि सगळ्यांनी उजवीकडून जायचं ठरलं. पहिल्या दोन महिन्यांत इतकी माणसं चिरडली गेली, की आकडे जाहीर करणं बंद झालं. कायदा एका दिवसात बदलला होता. माना जुन्याच बाजूला वळत होत्या. तेव्हा कलपालट आला. नाकात तीन थेंब, ओळीनं तीन सकाळी. चौथ्या दिवशी माणूस आपोआप उजवीकडचा. वाहन चालवणाऱ्यांना सक्ती. बाकीच्यांनी भीतीपोटी रांगा लावून घेतला. अंधांना सूट होती. त्यांना काय बघायचंय, असा सरकारी विचार.

तुषार कोळेकर त्या सूटवाल्यांपैकी. वय एकतीस. नवव्या वर्षी मेंदूज्वरात डोळे गेले. सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात तो तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या नादाची गोलाई, कानानं तपासायचा. त्यानं ‘हं’ म्हटल्याशिवाय तंबोरा बाहेर पडत नसे. त्याची थोरली बहीण शलाका शहर बस चालवायची. आणि गेली चौदा वर्षं अंधांच्या पंधराशे मीटर शर्यतीत ही दोघं हाताला हात बांधून पळत. दोघांच्या मनगटांत एकच वीतभर दोरी. नियम असा, की डोळस जोडीदारानं आंधळ्याला ओढायचं नाही आणि शेवटच्या रेषेवर त्याच्या पुढे जायचं नाही. भावाच्या पुढे जायचं नाही, हे शलाकाला कुणी शिकवावं लागलं नाही. आईमागे तिनं घर चालवलं, लग्न लांबवलं आणि मग लांबवायचंसुद्धा थांबवलं. दोघांचा नंबर बहुतेक चौथा यायचा. पदक तिघांनाच असतं.

नोकरीसाठी शलाकानं थेंब सुरुवातीलाच घेतले होते, आणि यंदा मैदानही उलटं फिरू लागलं. तिथून बिनसलं.

“अक्का, ढकलू नकोस.”

“मी कुठं ढकलतेय? तूच अंगावर येतोयस.”

खरं होतं. ती बाहेरच्या बाजूनं पळायची, तो आतून. आता आतली बाजू उजवीकडे आली होती आणि तुषारची पावलं अजून डावीकडे ओढ घेत होती. प्रत्येक वळणावर तो तिच्यावर आदळायचा. आठवडाभरात दोघं दोनदा पडली. दुसऱ्यांदा त्याचा गुडघा सोलवटला, तेव्हा शलाका तिथंच मातीत बसली.

“दुसरा जोडीदार बघ तुषार. न पालटलेला.”

“कोण आहे असला?”

“कुपवाडचे सावंत मास्तर. त्यांनी घेतला नाही म्हणतात.”

“ब्याऐंशीचे आहेत ते. मलाच त्यांना ओढत न्यावं लागेल.”

ती हसली, मग रडली. तिनं आवाज केला नव्हता, पण दोरी कळवायची.

पुढच्याच आठवड्यात गावात तपासणी शिबिर लागलं. कलपालट शोधून काढलेल्या चमूतल्या डॉक्टर वैदेही नेर्लेकर आल्या होत्या. तुषार रांगेत उभा राहून त्यांच्यापुढे बसला.

“तुमच्यावर सक्ती नाहीये,” डॉक्टर म्हणाल्या.

“सक्ती असती तर बरं होतं बाई. कुणावर तरी चिडता आलं असतं.”

“मग कशाला घेता?”

“दिवसभर मला कोण ना कोण दंडाला धरून नेतं. रस्ता ओलांडायला, बँकेत, लग्नात जेवायला. मैदानावर साडेपाच मिनिटं मला कुणी नेत नाही, मी जातो. आणि ते अक्काबरोबरच जमतं. आता सांगा, माझं काय जाईल?”

डॉक्टरांना असा सरळ प्रश्न बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी त्याच्या हातात एक कागद दिला.

“समजा, यावर तुमच्या गल्लीचा नकाशा आहे. आता कागद पालथा करून मागून बघितला. रेषा त्याच, बाजू बदलल्या. तसं होतं डोक्यात. शब्द बदलत नाहीत. डाव्या हाताला तुम्ही डावाच म्हणाल. पण मनातली चित्रं उलटतात. डोळस माणसाला दुसऱ्या दिवशी खरी गल्ली समोर दिसते आणि मेंदू गुपचूप दुरुस्ती करून टाकतो. त्याला पत्तासुद्धा लागत नाही. तुमच्या पायांना, बोटांना तीनेक आठवडे लागतील.”

“आणि जे पुन्हा हाताला लागणारच नाही ते?”

“म्हणजे?”

“नऊ वर्षं मला दिसत होतं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ते उलटंच राहील. समोर आल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.”

तुषार बोटांवर मोजू लागला. शाळेचा फळा. दर्ग्याचा घुमट. स्टेशनचा पूल आणि त्याखालून गेलेलं काळं इंजिन. गणपतीतल्या कमानी. घुमट उलटा झाला तरी गोलच राहणार. इंजिन दुसऱ्या बाजूला गेलं तर जाऊ दे, कुठंतरी पोचेलच. एका बोटापाशी तो थांबला.

“आई. माझे डोळे गेल्यावर चार महिन्यांनी ती गेली. बघितलंय ते त्याआधीच. ती पुसली जाणार नाही ना?”

“पुसलं काहीच जात नाही हो.” डॉक्टर हसल्या. “आणि चेहऱ्याला कुठलं आलंय डावं-उजवं! दोन डोळे, मधे नाक.”

त्या खोटं बोलल्या नाहीत, फक्त विचार न करता बोलल्या. तज्ज्ञ माणूस विचार न करता जे बोलतो, ते ऐकणारा मात्र फार विचार करून गाठीला बांधतो. तुषारनं शेवटचं बोट मिटलं.

“माझ्यासाठी घेऊ नकोस,” शलाका म्हणाली.

“तुझ्यासाठी कोण घेतंय? चौथ्या नंबरासाठी घेतोय.”

तीन आठवडे तो घरात दारांवर आपटला, मोरी समजून कपाटात पाय घातला, शेजारच्या काकूंच्या चुलीपाशी जाऊन “अक्का, चहा” म्हणाला. काकूंनी चहा दिला आणि सगळ्या गल्लीला सांगितलं. मग एका सकाळी वळण आलं आणि दोघं त्यात एकदम शिरली. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. दोरी दोघांमध्ये सैल झुलत राहिली.

सांगलीच्या विभागीय शर्यतीत ती दोघं तिसरी आली. चौदा वर्षांत पहिलं पदक.

घरी येईपर्यंत तुषार ते दातांनी चावून बघत होता. शलाकानं त्याच्याकडून काढून घेतलं. “आण, आईच्या फोटोला घालते. थांब, स्टूल घेते. बरं झालं, मागच्या दिवाळीत फोटो नवा करून आणला.”

“का, जुन्याला काय झालं होतं?”

“उलटा छापलेला होता रे! इतकी वर्षं भिंतीवर, कुणाच्या लक्षात आलं नाही बघ. आईच्या भुवईत खाच होती ना, ती उजव्या भुवईत. फोटोत डाव्या भुवईत. फ्रेमवाल्याला म्हटलं, सरळ करून दे. तो म्हणाला, ताई, हल्ली रोज पाच-सहा येतात, सगळ्यांचे उलटेच निघतात, पूर्वीचे फोटोवाले काय झोपेत काम करत होते का.”

तुषारनं मनात आईला बोलावलं. ती आली. खाच उजव्या भुवईत, हसू एका कोपऱ्यातून. तीच ती. “उजवीच,” तो म्हणाला.

आणि मग स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवू लागला. शलाका स्टुलावरून खाली उतरली.

“अक्का, माझे डोळे गेल्यावर आई मला समोर बसवून काय म्हणून घ्यायची, ठाऊक आहे? तू शाळेत असायचीस. तिला तिचं दुखणं कळलं होतं. माझा हात स्वतःच्या तोंडावरून फिरवायची आणि पाढ्यासारखं घोकून घ्यायची. मोठा झालास की विसरशील म्हणायची.”

“काय घोकून घ्यायची?”

बावीस वर्षांत तो पाढा म्हणायची कधी वेळ आली नव्हती, तरी सुरात आला. “आईच्या डाव्या भुवईत खाच. आईच्या उजव्या गालावर तीळ. आई हसते डाव्या बाजूनं. आईच्या डाव्या कानाची पाळी फाटकी.”

शलाकानं फोटोकडे बघितलं. खाच उजव्या भुवईत, तीळ डाव्या गालावर.

“डाव्या,” ती हळूच म्हणाली. “तू डाव्या म्हणालास?”

“शब्द बदलत नाहीत, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.”

बाहेर गल्लीत कुणीतरी तार पिळत होतं. शलाकाला फ्रेमवाल्याच्या दुकानातला ढीग आठवला: फेट्यातले आजोबा, कुंकू लावलेल्या बायका, एक शाळेच्या गणवेशातलं पोर. सगळे सरळ करायला आणलेले. जिवंत माणसं रोज समोर येतात, त्यांची दुरुस्ती होते. गेलेली येत नाहीत; फोटो समोर असतो, पण डोकं दोष फोटोलाच देतं. रस्ता नीट ओलांडता यावा म्हणून देशानं आपली सगळी मेलेली माणसं उलटी करून ठेवली होती, आणि वर त्यांचे फोटो चुकीचे ठरवले होते.

“तू मला विचारायचंस,” तुषार म्हणाला. “दिवाळीत मी पालटलेला नव्हतो. सांगितलं असतं.”

“फोटोचं तुला काय विचारायचं? तुला...” ती थांबली.

“हं. मला दिसत नाही.”

मग शलाका उठली. “जुना फोटो असेल त्याच्याकडे. नसेल तर हाच परत फिरवून घेते. उद्याच जाते.”

“आणलास, की तुला ती आई वाटेल?”

तिनं डोळे मिटले. खाच डाव्या भुवईत नेली, तीळ उजव्या गालावर, हसू फिरवलं. समोर एक बाई आली. चांगली होती. मावशी असती तर अशीच असती.

“नाही,” ती म्हणाली. “तुला?”

“मीही करून बघितलं. कुणीतरी पाहुणी वाटते.”

फोटो तसाच राहिला. पदकही त्यालाच घातलं. झोपायच्या आधी शलाकानं तुषारला तो पाढा पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं, लिहून ठेवावा म्हणून. तो दोन ओळी म्हणाला आणि थांबला. पुढचं येत होतं, पण म्हणताना जी समोर यायची ती दर ओळीला खोटी ठरत होती, आणि तिला खोटी ठरवणं त्याच्यानं होईना.

“राहू दे अक्का,” तो म्हणाला. “तिला दुखतंय.”