उजव्या नळीतली काळी माती

सेमिसी ताउफाच्या पत्राला डेस पार्किनने उत्तर दिलं नव्हतं.

पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. 'डेस, बाकीच्यांचं सोड. मी इंजिन जाळलं आणि गप्प बसलो, असं तुला वाटतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.' पत्र डिसेंबरात आलं होतं. मे उजाडला तरी ते टेबलाच्या खणातच पडून होतं. डेसने सात-आठ वेळा कागद पुढे ओढला, वर तारीख घातली आणि तसाच परत ठेवला.

मंगळवारी सकाळी नोरीन हॅलोरन त्याच्या दारात उभी राहिली. साठीची, ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. विमा कंपन्यांसाठी वीस वर्षं अपघात तपासून आता खाजगी तपास करत होती.

"मला सेमिसीच्या बायकोने नेमलंय," ती म्हणाली. "सोमवारी त्याच्या परवान्याचा निकाल आहे. परवाना गेला तर तो पुन्हा कुठल्याही विमानाला हात लावू शकणार नाही. सध्या ट्रक धुतोय. विमानाचे कागद तुमच्याकडे असतात ना?"

"मी नुसता चिटणीस आहे हो," डेस म्हणाला. "मला विमानातलं काही कळत नाही."

"छान. कळणारे चुकतात. कागद काढा."

बॅरोना गावाच्या धावपट्टीवर चौघांच्या मालकीचं एक विमान होतं. एकच इंजिन, टर्बाइनचं, पुढे पंखा. एकट्याला न परवडणारं म्हणून चौघांनी मिळून घेतलेलं. कॉलिन मॅक्राय गुरांच्या मोठ्या रानाचा मालक, ल्युसिंडा बॉइड गुरांची डॉक्टर, वॉरन टील बोअर खणणारा कंत्राटदार. चौथा वाटा डेसच्या भावाचा. भाऊ गेल्यावर तो डेसकडे आला. डेस जन्मभर शाळामास्तर. विमान चालवणं त्याच्याच्याने होण्यातलं नव्हतं, म्हणून वह्या-फाइली त्याच्या गळ्यात पडल्या.

नोव्हेंबरातली हकिगत साधी होती. सोमवारी मेकॅनिक सेमिसीने इंजिनातला इंधनाचा एक फवारा बदलला आणि इंजिन जमिनीवरच चालवून पाहिलं. सहीआधी आणखी एक तपासणी बाकी होती, म्हणून त्याने विमानावर 'बंद' अशी पाटी लावली. बुधवारी पहाटे त्याने सही केली. त्यानंतर ल्युसिंडाने इंजिन चालू केलं, तर तापमानाचा काटा नको तिथे चढला. उघडून पाहिलं तेव्हा आतली पाती भाजलेली निघाली. मधल्या मंगळवारी विमान जागचं हललं नव्हतं, असं तिघेही पायलट म्हणाले. मग राहिला सेमिसी. त्याला कामावरून काढायचं म्हणून सभेत तिघांनी हात वर केले. डेसने केला नाही, पण तोंडही उघडलं नाही.

"इंजिन असं भाजतं कशाने?" नोरीनने विचारलं.

"चालू करताना बॅटरी कमजोर असली तर. इंजिन हळू फिरतं आणि आत आग जास्त होते. आमची बॅटरी जुनी होती. म्हणून शेडमध्ये बॅटऱ्यांची एक ढकलगाडी आहे, तिच्यावरच इंजिन चालू करायचं असा नियम आहे."

"सेमिसीने गाडी वापरली?"

"वापरली म्हणतो."

नोरीन फाइल चाळत होती. पायलटने विमानात दिसलेली प्रत्येक बारीकसारीक खोट कागदावर लिहायची, असा या चौघांचा शिरस्ता होता. ल्युसिंडाचं बुधवारचं टिपण तिने मोठ्याने वाचलं. "'सकाळी सहा. लाल टोप्या काढल्या. उजव्या पंखाखालच्या, वेग मोजायच्या नळीत कुंभारणीचं घर. काळी माती, अजून ओलसर. तारेने साफ केलं. ज्याने टोपी घातली त्याने आत बघायला डोळे नव्हते का?' ही बाई रागीट दिसते."

"कुंभारीण माश्या इकडे फार," डेस म्हणाला. "नळी तासभर उघडी राहिली की चिखल आणून घर बांधतात. म्हणून तर टोप्या घालायच्या."

"सोमवारी टोप्या होत्या?"

"संध्याकाळी शेडला कुलूप मीच लावलं. दोन्ही होत्या."

नोरीनने टिपण पुन्हा वाचलं आणि कागद डेसच्या हातात दिला. "सांभाळून ठेवा. आता मॅक्रायकडे जाऊ. गाडीने किती वेळ?"

"सहा तास. रस्ता म्हणायला रस्ता आहे."

निम्म्या वाटेवर तांबडी माती संपली आणि काळी, भेगाळलेली जमीन सुरू झाली. नोरीनने गाडी थांबवून बुटाने ढेकूळ उकरलं. डेस बीटरूटचं सँडविच खात बसला होता. त्याला वाटलं, बाईचे पाय आखडले असतील.

कॉलिन मॅक्राय व्हरांड्यात भेटला. "त्या मंगळवारी? मी आणि बायको बैलांच्या विक्रीला होतो, दोन दिवस. तीनशे माणसांनी पाहिलंय. माझ्या बैलाला काय भाव आला तोही सांगू?"

"नको. मग इथे कोण होतं?"

"कोणी नाही. वॉरनची दोन माणसं बोअर खणत होती, तेवढीच. ती बघा बोअर, धावपट्टीच्या कडेला. आठ महिने आभाळातून थेंब नव्हता बाई, तळी फुटाण्यासारखी सुकलेली. त्या मंगळवारी पाणी लागलं! सकाळी साडेदहाला पंपाचा कसलासा भाग तुटला म्हणे, तरी अडीचला धार. सगळा काळा राडा. विक्रीतच फोन आला, मी सगळ्यांना बिअर पाजली."

"तुम्ही? बिअर पाजली?" डेसच्या तोंडून निघून गेलं.

"एकेकच," कॉलिन म्हणाला. "सेमिसीचं वाईट वाटतं रे, डेस. पण दुसरं कोण असणार?"

दुसऱ्या दिवशी ल्युसिंडा दवाखान्यात घोडीच्या खुराला पट्टी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मंगळवारी दिवसभर इथेच. तीन शस्त्रक्रिया, वही बघा. आणि हो, हात मीही वर केला. मला विमान नीट हवं होतं आणि सेमिसी एकटाच समोर होता."

"माती ओली होती, हे नक्की?"

"बोटाला लागली. मी नसलेलं लिहीत नाही. डेस, त्या घोडीच्या मागे उभा राहू नकोस, फाइलीसकट उडशील."

वॉरन टीलची शेड बॅरोनातच होती. तो ट्रकखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसत हसला. "काय मास्तर, पोलिसात भरती झालात?"

"मंगळवारी तुम्ही कुठे होतात?" नोरीनने विचारलं.

"इथेच, बाई. साडेदहाला कॉलिनच्या रानावरून माझ्या माणसांचा फोन आला, पंपाची बेअरिंग गेली. तसली बेअरिंग माझ्याकडे इथेच होती. ती बांधून पोराबरोबर ट्रकने पाठवली. मी दिवसभर या ट्रकखाली होतो."

"ट्रक लगेच निघाला?"

"फोन खाली ठेवला आणि निघाला. काम अडलं की माझी झोप उडते."

"शेडची आणि विमानाची किल्ली असते तुमच्याकडे?"

"चौघांकडे आहे. मास्तरांकडेही. पण त्यांनी विमान उडवलं तर मी चर्चला जायला लागेन."

बाहेर आल्यावर डेस म्हणाला, "तिघेही सुटले. म्हणजे सेमिसीच."

नोरीनने गाडीचं दार उघडलं. "उद्या सगळ्यांना शेडमध्ये बोलवा," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी चौघे मालक विमानाभोवती उभे होते. नोरीनने दोन्ही नळ्यांवरच्या लाल टोप्यांकडे बोट दाखवलं.

"सोमवारी संध्याकाळी टोप्या होत्या. डेसनी पाहिल्या. बुधवारी सकाळी टोप्या होत्याच, ल्युसिंडांनी स्वतः काढल्या. पण एका टोपीच्या आत कुंभारणीचं ओलं घर होतं. टोपी घातलेल्या नळीत ती शिरू शकत नाही आणि अंधारात ती काम करत नाही. म्हणजे मंगळवारी दिवसा कुणीतरी टोपी काढली आणि नंतर पुन्हा घातली."

"इथेच काढली असेल," कॉलिन म्हणाला.

"बॅरोनात माती तांबडी आहे. ल्युसिंडांनी काळी लिहिली. काळी माती सुरू होते ती तीन तासांवर, आणि कुंभारीण काही चिखल घेऊन तीन तासांचा रस्ता उडत नाही. मंगळवारी विमान काळ्या मातीवर उभं होतं. टोप्या मात्र इथल्या खिळ्यावर. तिकडे घालायला काहीच नव्हतं."

"काळी माती माझ्याकडे आहे, म्हणजे मी?" कॉलिन चिडला.

"तुम्ही बिअर पाजत होतात. कुंभारणीला सुकी माती चालत नाही, चिखल लागतो. आठ महिन्यांच्या दुष्काळात तो चिखल झाला एकाच जागी, एकाच दुपारी. तुमच्या धावपट्टीच्या कडेला, अडीच वाजता. भाग तुटला साडेदहाला. नवा भाग बॅरोनातून आला. वॉरन, ट्रक लगेच निघाला असं तुम्हीच म्हणालात. रस्ता सहा तासांचा आहे. मी तो परवा मोजलाय. तुमची बेअरिंग चार तासांच्या आत तिथे पोचून पंपात बसली कशी?"

वॉरनने उगाच हात पुसले.

"विमानाने चाळीस मिनिटं," ल्युसिंडा हळूच म्हणाली.

"'बंद' पाटी असताना विमान नेलं, तर इथला वाटा जातो आणि विमाही," नोरीन पुढे म्हणाली. "म्हणून इंजिन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरचा फ्यूज काढला असणार. पाणी लागेपर्यंत थांबलात. कोण थांबणार नाही? परत निघताना बॅटऱ्यांची गाडी तिथे नव्हती, ती या भिंतीला टेकलेली होती. भर उन्हात, जुन्या बॅटरीवर इंजिन चालू केलंत. इंजिन तेव्हा भाजलं."

"पण नळी बुजलेली असताना तो उडाला कसा?" डेसने चाचरत विचारलं. "वेग कळला नसता ना?"

"डावी नळी डाव्या काट्याची, उजवी उजव्याची. एकटा पायलट डावीकडे बसतो. उजव्या काट्याकडे त्याने पाहिलंच नाही. आणि इथे आल्यावर हाताला लागलेली सवय. विमान ठेवलं की टोप्या घालायच्या. वॉरन टोपी घालायला विसरले असते, तर उघड्या नळीतल्या घराकडे मी कदाचित लक्षच दिलं नसतं."

वॉरन पेटीवर बसला. "काटा लाल रेघेपार गेला," तो म्हणाला. "दोन-तीन सेकंद. वाटलं, काही झालं नसेल. बुधवारी सांगणार होतो. तेवढ्यात तुम्ही सगळे सेमिसी, सेमिसी करायला लागलात."

"आणि तू हात वर केलास," ल्युसिंडा म्हणाली. "माझ्याआधी."

कॉलिन एक सणसणीत शिवी देऊन बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. वॉरनला तसं एकट्याला सोडवेना बहुतेक. शेवटी डेसने कबुलीजबाब लिहून काढला, वॉरनने सही केली, आणि परवान्याचा निकाल देणाऱ्या मंडळाला पाठवायला तो नोरीनच्या हातात दिला.

गाडीशी ती म्हणाली, "तुमच्या फाइलीतच होतं सगळं."

"सहा महिने," डेस म्हणाला. "लावून ठेवताना मी ते वाचलं होतं. शुद्धलेखन तपासलं होतं."

"सेमिसीला फोन करते मी आत्ता. तुम्ही बोलणार?"

"नको. त्याने मला पत्र लिहिलं होतं."

घरी येऊन त्याने कागद घेतला. आता 'नाही' लिहिणं सोपं होतं, आणि ते त्याने लिहिलंही. मग त्याने तो कागद फाडला. सेमिसीने विचारलं होतं ते डिसेंबरात.

दुसऱ्या कागदावर त्याने लिहिलं: 'सेमिसी, तू विचारलंस तेव्हा माझं उत्तर 'हो, बहुतेक' असं होतं. ते लिहायची लाज वाटली आणि 'नाही' लिहिलं तर खोटं ठरलं असतं, म्हणून काहीच लिहिलं नाही. तुझ्या सुटकेचा कागद सगळा वेळ माझ्यापाशी होता. तू परत येशील की नाही, ते तुझं तू ठरव. आलास तर शेडच्या आणि विमानाच्या किल्ल्यांची माझी जोडी तुझी. डेस पार्किन.'

टपालाची गाडी चारला निघायची. पावणेचारला तो पेटीपाशी पोचला. पाकीट फटीत अर्धवट धरून क्षणभर थांबला, आणि सोडून दिलं.