दोन खुर्च्यांचं चित्र

अध्यक्ष महाशय, तुम्ही खोटं लिहिलंत. चित्राखाली लावायच्या पाटीसाठी टाइप केलेल्या, शिक्का मारलेल्या कागदावर खोटं लिहिलंत – 'कलाकार: एक. छपाई सहाय्यक: एक.' आमच्या छापखान्यात तुम्ही पाऊलसुद्धा टाकलं नाहीत. मग ही मोजदाद केलीत कुठे बसून? आता ऐका.

कवयित्रीबाईंच्या कवितांवरून चित्रं छापून तुमच्या दालनात लावायची, ही टूम तुमच्याच समितीची. चिठ्ठ्या टाकून जोड्याही तुम्हीच लावल्यात. एकाने कोरायचं, दुसऱ्याने छापायचं. मी बाबांच्या छापखान्यात लेबलं नि हँडबिलं छापत शिकलेली. माझ्या जोडीला आला तो तुमच्या कलाशाळेचा सुवर्णपदकवाला. पहिल्या दिवशी मी आत आले, तर हा अनोळखी माणूस माझा शाईचा रोलर टेबलावर तसाच टेकवून खिडकीतून पावसाची रिपरिप बघत उभा!

"अहो, उचला तो! असा ठेवला की एका बाजूने चपटा होतो."

त्याने दचकून उचलला आणि थेट पांढऱ्या सदऱ्याला लावून घेतला.

"आता या सदऱ्याचं काय?"

"सदरा तुमचा. रोलर माझा."

तो हसला... त्याचं हसू आधी डोळ्यांत येतं, ओठांवर मागाहून. "बरं, फौजदारबाई. कोरायला तरी परवानगी आहे ना?"

कविता एकटीनं जेवणाऱ्या बाईची होती. त्याने चित्र काढलं ते छतावरून बघितल्यासारखं – मधोमध टेबल, खालच्या अंगाला एकच खुर्ची. लिनो म्हणजे रबरासारखं मऊ, कोरता येणारं; त्याच्या एकाच तक्त्यातून सगळे रंग काढायचे. आधी खुर्ची कोरून काढायची आणि पिवळा छापायचा, म्हणजे कोरलेल्या जागी शाई लागत नाही, खुर्ची कोऱ्या कागदाची पांढरी राहते. मग त्याच तक्त्यावर आणखी कोरून वरून तांबडा. कोरलेलं परत भरत नाही, म्हणून पिवळे छापलेले बारा कागद म्हणजे बाराच. तेरावा मिळायचा नाही.

हवा दमट. पिवळा वाळायला आठवडा लागला आणि तो रोज हजर.

"वाळली का शाई?"

"कालच्याइतकीच ओली."

"मग... बसतो थोडा."

माझी ताई चहा ठेवून गेली आणि आतून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "शाई बघायला येतो, तर शाईकडे पाठ करून का बसतो गं हा?" मी लाल झाले. तो माझ्याहून लाल. त्या दिवसापासून आम्ही अहो-जाहो सोडलं.

मग घोळ झाला. कागद तक्त्यावर उपडा घालतात, चित्र दिसत नाही. म्हणून वरची बाजू कळावी यासाठी मी प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढते. तांबड्याच्या दिवशी पहिला कागद मी घातला, दाबला, उचलला – आणि खुर्च्या दोन! कागद उलटा, वरची बाजू खाली असा फिरला होता. पांढऱ्या खुर्चीवर तांबडा चढला होता आणि टेबलाच्या पलीकडे, जिथे तक्त्यातली कोरलेली जागा आली, तिथे पिवळी खुर्ची उरली होती.

"बाण कुठे गेले माझे?"

"खोडले. कागदाची पाठ स्वच्छ असावी, असं शिकवलंय आम्हाला."

"शिकवणाऱ्याला आण इथे!"

"आणि तू बाण न बघता घातलास, त्याचं काय?"

खरं होतं. माझं लक्ष त्याच्या कोपरापर्यंत दुमडलेल्या बाहीकडे होतं. पण ते कबूल कोण करणार!

बिघडलेला कागद घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. छत्री एकच, ती कागदावर धरलेली. आम्ही दोघं चिंब. बाईंनी पलीकडच्या पिवळ्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मी तिला इतकी वर्षं एकटीला जेवायला बसवलं. तुम्ही समोर कुणीतरी आणून बसवलंत!"

"बाई, ती चूक आहे हो," मी म्हणाले.

"कुणाची?"

"याची!" – "हिची!"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "म्हणजे दोघांची. आता उरलेलेही असेच छापा."

तसेच छापायला घेतले, मुद्दाम उलटे. पहिला कागद तुम्हाला नमुना म्हणून पाठवला. तो परत आला आणि वर तुमचं पत्र – दोन खुर्च्यांची कल्पना फार थोर, सुवर्णपदकाला शोभेलशी, कलाकार म्हणून त्याची एकट्याची सही हवी.

त्या दिवशी शेवटचा कागद छापायचा होता. मी म्हणाले, "कर तू सही. हँडबिलवालीचं नाव नसलं तरी चालतं."

"मला नाही चालत." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

कागद दाबून झाला. उचलताना आम्ही दोन कोपरे दोघांनी धरतो, एकदम. मी म्हटलं, "एक, दोन..." त्याने उचललाच नाही.

"उचल ना! चिकटेल!"

"आधी एक सांग. सही दोघांची करायची, ती या एका चित्रापुरती नको. पुढच्या चित्रावर... घराच्या पाटीवर... आवडतेस तू मला. त्या रोलरपासून."

"अरे, शाई–"

"चिकटू दे."

"वेडा आहेस का? बारावा कागद आहे!"

"म्हणून तर लवकर बोल."

"हो! हो म्हटलं ना! आता उचल!"

उचलला. डाव्या कोपऱ्यात जराशी शाई ओढली गेलीय. तो कागद आम्ही कुणाला देणार नाही.

उरलेल्या अकरांवर खाली उजवीकडे दोन सह्या आहेत, एका ओळीत, सारख्याच मोठ्या. तुमच्या पत्राला तसं लेखी उत्तर देऊन तीन आठवडे झाले, आणि तरी हा एकाच कलाकाराचा कागद आला. बाई म्हणतात, दोन नावं नसतील तर कविताही परत घेते. मला विचारल्यावर शाई वाळायच्या आत मी उत्तर दिलं, आणि माझं तर सगळं आयुष्य पणाला होतं. तुमची एक पाटी आहे फक्त. बोला, अध्यक्ष महाशय – तिच्यावर नावं दोन लिहिताय, की भिंत रिकामी ठेवताय?